कूत: नदीच्या वळणातलं गाव, कणगीतलं बार्ली आणि पुणे डिव्हिजन

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लिखित अवतार. बोलताना जिथे मी अडखळले, जिथे "म्हणजे काय, तर" पंधरा वेळा म्हटलं, ते बरंचसं काढून टाकलंय. तरी थोडं राहिलं असेल, सांभाळून घ्या. ज्यांना लोकलमध्ये किंवा एसटीत बसून ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे.

सुरुवात एका पाटीपासून करते. सातारा भागातल्या काही जुन्या गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर एक दगडी पाटी दिसते. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१९ या काळात, या गावातून इतके पुरुष गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, असा तिचा मजकूर. दोन आकडे आणि गावाचं नाव. ती माणसं कोण होती ते नाही. कुठे गेली तेही नाही.

आपण महायुद्ध म्हटलं की डोळ्यांसमोर फ्रान्स आणतो. खंदक, चिखल, काटेरी तारा. चूक नाही, आपली माणसं तिथेही होती. पण मराठा पलटणींतले कितीतरी जण गेले ते आजच्या इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात. आणि त्यातले हजारो जण एका नदीकाठच्या, धान्याच्या बाजारपेठेच्या छोट्या गावात पाच महिने अडकून पडले. त्या गावाचं नाव कूत. आजची गोष्ट त्या गावाची आहे. सैन्याची आहेच, पण मुख्यतः गावाची. कारण कूतच्या वेढ्यावर इंग्रजीत मोठमोठी पुस्तकं आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा पुस्तकांत गाव हे फक्त नाटकाच्या मागचा पडदा असतं. मला तो पडदा थोडा पुढे ओढायचाय.

आधी नकाशा

फोनवर नकाशा उघडा. बगदाद शोधा. तिथून टायग्रिस नदीच्या काठाकाठाने आग्नेयेला या, साधारण १७० किलोमीटर. (टायग्रिसला तिथले लोक दिजला म्हणतात.) नदी एके ठिकाणी इंग्रजी यू अक्षरासारखं मोठं वळण घेते आणि त्या वळणाच्या पोटात एक शहर बसलंय. तेच कूत. तीन बाजूंनी नदी, एका बाजूने जमीन. आपल्याकडे पन्हाळा, राजगड बघणाऱ्याला लगेच वाटेल, वा, काय नैसर्गिक किल्ला आहे! कूत या शब्दाचा त्या भागातला अर्थही छोटा किल्ला, गढी असाच आहे. काही अभ्यासक त्याचं नातं आपल्या 'कोट' शब्दाशी जोडतात. आणि कुवेत हे नाव याच शब्दाचं लाडकं, छोटं रूप. छोटी गढी.

पण तीन बाजूंनी पाणी असलेला किल्ला आणि तीन बाजूंनी पाणी असलेला पिंजरा यात फरक एवढाच की बाहेर कोण उभं आहे. हे थोडं पुढे कळेल.

नकाशात अजून एक गोष्ट बघा. कूतच्या समोरच्या काठावरून टायग्रिसची एक शाखा फुटते आणि सरळ दक्षिणेला जाते. तिचं नाव गर्राफ. इंग्रजांच्या कागदांत ती 'शत्त अल-हाय' म्हणून येते. ही गर्राफ म्हणजे या गावाचं पोट. तिच्या दोन्ही अंगांना गहू-बार्लीची शेतं. ते धान्य कूतला यायचं, इथल्या बाजारात विकलं जायचं आणि नावांतून बसरा-बगदादला जायचं. १९१५ साली गावात सहा हजारांच्या आसपास वस्ती होती. कच्च्या आणि भाजक्या विटांची घरं, एक झाकलेला बाजार, मशीद, खजुराची झाडं. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या बाजारगावासारखं समजा.

पुणे डिव्हिजन तिथे कशी पोचली

हे पटकन सांगते, कारण यावर खूप लिहिलं गेलंय. नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी लष्कराची सहावी डिव्हिजन, म्हणजे पुणे डिव्हिजन, इराणच्या आखातात उतरली. बसरा घेतलं. काम खरं तर तेलाची वाट राखण्याचं होतं. पण एक गाव सहज मिळालं की पुढचं दिसतं, तसं करत करत हे लोक नदीने वर सरकत गेले. सप्टेंबर १९१५ मध्ये मेजर जनरल टाउनशेंडने कूत घेतलं. मग बगदादचा मोह. नोव्हेंबरमध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्की, म्हणजे ऑटोमन, फौजेशी गाठ पडली. तिथे साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. उरलेली फौज मागे वळली, रखडत रखडत ३ डिसेंबरला कूतला आली आणि टाउनशेंड म्हणाला, इथेच थांबायचं. ७ डिसेंबरपासून वेढा धरतात.

या फौजेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. (१०३ म्हणजे आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण.) पंजाबी, राजपूत, इंग्रज पलटणीही होत्याच. पण माझ्यासारख्या पुण्यात वाढलेल्या मुलीला 'पुणे डिव्हिजन' हे नाव इराकच्या नकाशावर सापडतं तेव्हा जरा थबकायला होतं.

आता गावाकडे येऊ.

सहा हजार माणसांचं काय करायचं?

वेढा पडणार हे कळल्यावर पहिला प्रश्न हा होता. सैन्याच्या हिशेबात गावकरी म्हणजे सहा हजार जादा तोंडं. शिवाय यातले कोण आपले आणि कोण तुर्कांचे हे कसं ओळखायचं? टाउनशेंडच्या मनात सगळ्यांना बाहेर काढायचं होतं. पर्सी कॉक्स हा राजकीय अधिकारी तेव्हा तिथे होता. त्याने सांगितलं, डिसेंबरच्या थंडीत बायकामुलांना उघड्या वाळवंटात काढलंत तर ती मरतील. मग ज्यांची गावात घरं नव्हती अशा परक्या पुरुषांना बाहेर काढलं आणि घरवाल्यांना राहू दिलं.

राहू दिलं म्हणजे काय, ते बघा. बाजाराचं हॉस्पिटल झालं. दुकानांच्या गाळ्यांत जखमी शिपाई. लाकूड नव्हतं, त्या मुलखात जळण तसंही कमी, म्हणून घरांची दारं, चौकटी, छपराच्या तुळया चुलीत गेल्या. लुटालूट केली म्हणून काही गावकऱ्यांना इंग्रजांनी गोळ्या घातल्या. आणि पाणी? पाणी नदीचंच. समोरच्या काठावर तुर्की नेमबाज बसलेले. घागर घेऊन नदीवर उतरणाऱ्या बायकांवर गोळ्या झाडल्या गेल्याचं वेढ्यातून वाचलेल्या अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलंय. तीन बाजूंनी पाणी, आणि पाणी भरणं हे जिवावरचं काम.

२४ डिसेंबरला तुर्कांनी गावाच्या उत्तर टोकाच्या मातीच्या गढीवर मोठा हल्ला केला. तो फसला. त्यानंतर त्यांनी ठरवलं, जीव कशाला घालवायचा, उपाशी मारू.

कणगीतलं बार्ली

हा या भागाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा निवांत बसू.

वेढ्यातला प्रत्येक निर्णय एका प्रश्नावर उभा असतो. अन्न किती दिवस पुरेल? टाउनशेंडने सुरुवातीला बाहेरच्या वरिष्ठांना जो अंदाज दिला तो साधारण दोन महिन्यांचा होता, आणि त्याच्या संदेशांचा सूर असा होता की लवकर या, फार दिवस निघणार नाहीत. झालं. बसऱ्याहून सुटकेसाठी जी फौज निघाली ती धावतच निघाली. पुरेशा बोटी नाहीत, डॉक्टर नाहीत, तंबू नाहीत, काही तुकड्या अजून मागेच. तरी जानेवारीत शेख साद, वादी, हन्ना अशा एकामागून एक लढाया झाल्या. मोकळं सपाट मैदान, गुडघाभर चिखल, समोर मशीनगन. हन्नाच्या लढाईनंतर जखमी शिपाई रात्रभर पावसात पडून होते.

आणि मग, जानेवारीच्या शेवटी, कूतमध्ये घराघरांची नीट झडती घेतली गेली. भिंतींआड, जमिनीखाली, कोठारांत लपवलेलं धान्य निघालं. भरपूर. मुख्यतः बार्ली. लगेच टाउनशेंडने नवा हिशेब कळवला. आता आपण अजून ८४ दिवस काढू शकतो!

थांबा. याचा अर्थ काय झाला? ज्या घाईपायी हजारो माणसं चिखलात पडली, ती घाई गरजेची नव्हती. धान्य आधीपासून गावातच होतं. धान्याच्या पेठेत धान्य असतं, ही गोष्ट कूतच्या कुठल्याही अडत्याला विचारली असती तरी कळली असती. पण विचारायचं कसं? ज्या माणसाला तुम्ही 'जादा तोंड' आणि 'संशयित' या दोनच खान्यांत बसवलंय, तो तुम्हाला आपली कणगी का दाखवेल? इतिहासकार टाउनशेंडला या चुकीबद्दल धारेवर धरतात, ते बरोबरच आहे. मला मात्र त्या लपवणाऱ्या बाईचा विचार येतो. घरात चार पोरं, गल्लीत परकी फौज, तुळई चुलीत गेलेली. ती धान्य लपवणार नाही तर काय करणार?

लपवलेलं धान्य बाहेर निघालं याचा अर्थ ते तिच्या घरातून गेलं, हेही लक्षात ठेवा. वेढा लांबला तो त्या धान्यावर.

अजून एक गंमत, म्हणजे गंमत नाही, पण तुमच्यातल्या सायन्सवाल्यांना आवडेल. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या मैद्याचा ब्रेड मिळायचा आणि घोड्याचं मांस. हिंदी शिपायांना आटा आणि बार्लीचं पीठ, पण बहुतेकांनी घोड्याचं मांस नाकारलं. झालं असं की गोऱ्यांना बेरीबेरी झाला आणि हिंदी शिपायांना स्कर्व्ही. जीवनसत्त्वांची भाषा तेव्हा नुकती जन्माला येत होती. कोंड्यासकट दळलेल्या धान्यात बी-वन असतं, मैद्यात जवळजवळ नसतं. ताज्या मांसात थोडं का होईना, सी असतं. मैदा संपून गोऱ्यांनाही बार्लीमिश्रित पीठ मिळायला लागलं, तसा त्यांचा बेरीबेरी कमी झाला. म्हणजे कूतच्या कणगीतलं भरड धान्य औषध ठरलं. कुणाच्याही योजनेशिवाय.

घोड्याच्या मांसाबद्दल एक शब्द. आज फोनवर वाचताना आपल्याला वाटेल, अरे जीव जातोय, खा की! हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा आणवल्या गेल्या. तरी बरेच जण शेवटच्या आठवड्यांपर्यंत अडून राहिले. कारण गावी परतल्यावर काय होईल ही धास्ती. पंक्तीला बसू देतील का, पोरींची लग्नं जमतील का. वेढ्यात उपाशी बसलेल्या माणसालाही गावातली पंगत विसरता येत नव्हती. मग ते शिपाई मैदानात उगवलेला पाला खुडून त्याची भाजी करायचे. त्यात कधी विषारी पाला यायचा आणि माणसं आजारी पडायची.

एप्रिलमध्ये भाकरीचं रेशन दिवसाला चार-पाच औंसांवर आलं, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. विमानांतून पोती टाकायचा प्रयत्न झाला. विमानातून वेढ्यातल्या फौजेला अन्न पुरवण्याचा हा जगातला पहिला मोठा प्रयत्न म्हणतात. धान्य दळायला जातीसुद्धा आकाशातून टाकली! काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडे. जुलनार नावाची आगबोट २७० टन सामान घेऊन रात्री नदीतून घुसायला निघाली, ती पकडली गेली. तुर्कांना वीस लाख पौंड देऊ करून बघितले. तेही नाही. त्या बोलण्यांत टी. ई. लॉरेन्स होता, हो, सिनेमातला तोच.

२९ एप्रिल १९१६ ला, १४७ दिवसांनी, कूत पडलं. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. त्यांना सोडवायला आलेल्या फौजेचे तेवीस हजार मेले किंवा जखमी झाले. कैद्यांना वाळवंटातून पायी उत्तरेला नेलं. कित्येक जण वाटेत आणि पुढे रेल्वेच्या कामावर मेले. त्या दोन आकड्यांच्या दगडी पाट्यांवरचा दुसरा आकडा काही ठिकाणी इथून येतो.

आणि गाव? तुर्की फौज आत आली आणि इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपावरून अनेक गावकऱ्यांना फासावर चढवलं. पाच महिने इंग्रजांच्या लेखी ते तुर्कांचे हेर होते. आता तुर्कांच्या लेखी इंग्रजांचे. फेब्रुवारी १९१७ मध्ये जनरल मॉडच्या फौजेने कूत परत घेतलं, तेव्हा तिथे घेण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

जिंकणाऱ्या तुर्की सेनापतीने, हलील पाशाने, पुढे तुर्कस्तानात आडनावांचा कायदा आला तेव्हा आडनाव घेतलं 'कूत'. कोल्हापूरकर, सातारकर ही आडनावं आपण गावावरून घेतो कारण आपण तिथले असतो. असो.

मग गाव पुन्हा उभं कसं राहिलं?

इथे मला आधी वाटलं होतं की युद्धानंतर बांधलेल्या इमारती, रस्ते असं काही सांगेन. वाचत गेले तसं कळलं की कूतची खरी पुनर्बांधणी विटांची नव्हतीच, ती पाण्याची होती. आणि ती समजायला आपल्याला नदीचं वेळापत्रक समजून घ्यावं लागेल.

आपली कृष्णा कधी भरते? जुलै-ऑगस्टमध्ये, पावसाने. तेव्हाच खरीप उभं असतं. नंतर ओल धरून रब्बी. म्हणजे नदीचं आणि शेतकऱ्याचं घड्याळ साधारण जुळतं. (साधारण म्हटलंय हं! २०१९ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांनी चिडू नये.) टायग्रिसचं तसं नाही. तिचं पाणी तुर्कस्तानच्या डोंगरातल्या बर्फाचं आणि हिवाळी पावसाचं. पूर येतो मार्च-एप्रिल-मे मध्ये. आणि गहू-बार्ली कापणीला कधी येतात? एप्रिल-मे. म्हणजे पीक तयार, आणि पूर दारात. उलट पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, तेव्हा नदी सगळ्यात खाली. गर्राफ शाखेचं तोंड तर इतकं उंचावर की नदी उतरली की त्यात पाणीच शिरायचं नाही. गर्राफकाठच्या शेतकऱ्याने पेरणीच्या वेळी कोरड्या पात्राकडे बघत बसायचं आणि कापणीच्या वेळी बांध राखायला रात्र जागवायची.

यावर उपाय म्हणून १९३४ ते १९३९ या काळात कूतला टायग्रिसवर बॅरेज बांधलं गेलं. इराक तेव्हा नावाला स्वतंत्र झाला होता, काम इंग्रज कंपनीने केलं. लांबी सुमारे पाचशे मीटर, ५६ दरवाजे. लक्षात घ्या, हे कोयनेसारखं पाणी साठवणारं धरण नाही. जवळची उपमा द्यायची तर आपल्याकडचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, फक्त अवाढव्य. पूर असला की दरवाजे उघडे, नदी तिच्या वाटेने जाते. नदी उतरली की दरवाजे खाली, पाण्याची पातळी काही मीटर वर चढते आणि वर चढलेलं पाणी बाजूच्या गर्राफमध्ये आपसूक वळतं. ना पंप, ना वीज. पाणी उचललं नाही, फक्त नदीला थोडं थांबायला सांगितलं.

बॅरेजवरून रस्ता गेला, बोटींसाठी वेगळी वाट ठेवली. ज्या वळणात हजारो माणसं उपाशी बसली होती त्याच वळणावरून आता लाखो एकरांच्या पाण्याचा हिशेब व्हायला लागला. पुढे १९५६ मध्ये वरच्या अंगाला समाऱ्याचं बॅरेज झालं, पुराचं पाणी थरथार नावाच्या मोठ्या खोलगट भागात सोडायची सोय झाली, आणि वसंतातल्या पुराची धास्ती बरीच कमी झाली.

छान वाटलं ना? मलाही वाटलं. मग मी पुढचं वाचलं.

पाणी आलं, पण कुणाच्या शेतात?

नेमकं त्याच काळात, १९३० च्या दशकात, इराकमध्ये जमिनीच्या मालकीची नोंद करायचे कायदे आले. तोवर गर्राफकाठची जमीन टोळ्यांची, कसणाऱ्यांची सामाईक अशी समजली जायची. कागदावर ती मोठ्या प्रमाणात टोळीप्रमुखांच्या, शेखांच्या नावावर चढली. आणि १९३३ मध्ये एक कायदा असा आला की ज्या कुळावर मालकाचं कर्ज आहे त्याने जमीन सोडून जायचं नाही. आपल्याकडे वेठबिगारीच्या आणि सावकारीच्या गोष्टी ऐकलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणजे बॅरेजने जमिनीची किंमत वाढवली, आणि ती वाढत असतानाच जमीन कसणाऱ्याच्या हातातून निसटली. कूत आणि त्याच्या खालचा अमारा हे दोन प्रांत इराकमधल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाऱ्यांसाठी कुप्रसिद्ध झाले. माणसं रात्री पळून बगदादला गेली, शहराच्या कडेला बोरूच्या चटयांच्या आणि मातीच्या झोपड्या उभ्या राहिल्या. १९५८ च्या क्रांतीनंतर पहिल्याच काही महिन्यांत जमीन सुधारणेचा कायदा झाला, तो या पार्श्वभूमीवर.

दुसरं दुखणं मिठाचं. शिरोळ, वाळवा, मिरज भागातल्या ऐकणाऱ्यांना हे घरचं वाटेल. कालव्याचं पाणी भरपूर द्यायचं, पण निचरा करायचा नाही, तर काय होतं? जमिनीखालचं पाणी वर येतं, उन्हाने वाफ होते, क्षार वर राहतात. रान पांढरं पडतं. दक्षिण इराकमध्ये तर ही गोष्ट चार हजार वर्षं जुनी आहे. गव्हापेक्षा बार्लीला खारट जमीन जास्त सोसते, कूतच्या कणग्यांत बार्ली एवढी का होती याचं एक उत्तर यातही आहे. निचऱ्यासाठी दोन नद्यांच्या मधून समुद्रापर्यंत एक प्रचंड चर काढायचं काम दशकानुदशकं रखडत चाललं आणि १९९२ मध्ये पुरं झालं. ५६५ किलोमीटर. त्याला तिसरी नदी म्हणतात.

मधली युद्धं भराभर सांगते, प्रत्येकावर वेगळा भाग होईल. १९८० चं दशक इराणशी युद्धात गेलं, आणि कूतपासून इराणची सरहद्द फार लांब नाही. १९९१ चं आखाती युद्ध आणि त्यानंतरचा उठाव. २००३ ची अमेरिकी स्वारी. एप्रिल २००४ मध्ये कूतचा ताबा युक्रेनच्या तुकडीकडे होता, मुक्तदा अल-सद्रच्या माणसांनी त्यांना शहरातून मागे सरकायला लावलं आणि मग अमेरिकी फौज आली. आज युक्रेनचं नाव ऐकल्यावर हे वाचायला विचित्र वाटतं.

या सगळ्यात बॅरेज उभं राहिलं. आणि कूत ज्याची राजधानी आहे तो वासित प्रांत आज इराकच्या गव्हाच्या मोठ्या कोठारांपैकी एक आहे.

वासित हे नावही मुद्दाम सांगायला हवं. ते एका जुन्या शहराचं नाव. इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या सुरुवातीला हज्जाज नावाच्या सुभेदाराने टायग्रिसच्या काठी वसवलेलं, एके काळी गजबजलेलं. नंतर टायग्रिसने पात्र बदललं आणि नदीच निघून गेली म्हणून शहर ओस पडलं. आज कूतपासून काही अंतरावर, नदीपासून दूर, त्याचे अवशेष आहेत.

कूतमधल्या लोकांना ही गोष्ट फक्त इतिहासाच्या पुस्तकातली वाटत नसणार. कारण टायग्रिसचं पाणी आता वरच तुर्कस्तानात अडवलं जातं. तिथल्या इलिसू धरणाचं पाणी भरायची वेळ आली आणि २०१८ च्या उन्हाळ्यात इराक सरकारने भात, मका अशा जास्त पाण्याच्या पिकांची लागवडच थांबवली. ५६ दरवाजे खाली टाकायचे ते आलेलं पाणी वर चढवायला. पाणी आलंच नाही तर दरवाज्यांनी काय करायचं?

कूतमध्ये ब्रिटिश काळातलं एक युद्ध-कब्रस्तान आहे, शहराच्या वस्तीतच. जमीन सखल, त्यामुळे वर्षानुवर्षं ते पाण्याखाली जात राहिलं, बोरू माजत राहिला. तिथे बहुतेक गोऱ्या शिपायांच्या कबरी. आपल्या माणसांची नोंद बसऱ्याच्या स्मारकावर, तीही अशी की अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीनुसार फक्त आकडा. गावातल्या पाटीवर आकडा, तिकडेही आकडा. आणि फासावर गेलेल्या कूतच्या गावकऱ्यांचा तर तोही कुठल्या दगडावर नाही.

तर मंडळी, एक विनंती. तुमच्या गावात, आजोळी, शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर अशी पाटी असेल तर फोटो काढून पाठवा. चुन्याचे थर बसून अक्षरं बुजली असतील तर घासू नका, तिरका उजेड पडतो तेव्हा, सकाळी किंवा संध्याकाळी, फोटो घ्या, वाचता येतं. घरात कुणी 'पणजोबा बसऱ्याला गेले होते' एवढंच सांगत असेल, तर त्यांना पलटणीचा नंबर आठवतोय का तेही विचारा. १०३, ११० किंवा ११७ निघाला तर मला लगेच मेसेज करा. पुढच्या भागात त्या पाट्या वाचू.